घाईच्या जागी माणुसकी कशी टिकते?

कोणत्याही डाळ मिलमध्ये, बँकेत किंवा एसटी डेपोत जा आणि तिथल्या माणसांबद्दल विचारा. उत्तर स्वभावावरूनच येतं. नाना फार मायाळू, त्यांच्याकडे सुट्टी मागायला संकोच वाटत नाही. पॅकिंगचा सुपरवायझर म्हणजे दगड, त्याला पाझर फुटायचा नाही. चांगुलपणाचा सगळा हिशेब असा स्वभावाच्या खात्यावर मांडला की करण्यासारखं काही उरत नाही. चांगला साहेब मिळणं ही नशिबाची गोष्ट होऊन बसते. मानसशास्त्राचा गेल्या पन्नास वर्षांचा अभ्यास मात्र निराळं सांगतो. स्वभाव असतोच, पण कामाच्या जागी एक माणूस दुसऱ्याशी कसा वागेल, हे तिथली घाई, उकाडा, थकवा, नियम आणि बोलण्याच्या सवयी यांवर फार अवलंबून असतं. या सगळ्या गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्यासाठी नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी त्यांनी निवडले. प्रत्येकाला सांगितलं की दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायचं आहे. काहींना विषय दिला बायबलमधल्या एका गोष्टीचा. लुटारूंनी मारून रस्त्याकडेला टाकलेला प्रवासी पाहून धर्मातली मोठी माणसं पुढे निघून जातात आणि परक्या जमातीतला एक जण थांबून त्याची काळजी घेतो, ती गोष्ट. बाकीच्यांचा विषय साधा, नोकरीच्या संधींबद्दलचा. वाटेतल्या बोळात एका दाराशी एक माणूस कोसळल्यासारखा बसला होता. खोकत होता, कण्हत होता. त्याला प्रयोग करणाऱ्यांनीच तिथे बसवलं होतं.

निघताना काहींना म्हटलं, अजून वेळ आहे. काहींना म्हटलं, आता निघा. काहींना म्हटलं, उशीर झालाय, लोक वाट बघताहेत. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के जणांनी त्या माणसाला काही ना काही मदत केली. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषण दयेवर आहे की नोकरीवर, याने म्हणावा असा फरक पडला नाही. दयेच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले.

ही मुलं निर्दय नव्हती. पुढे कुणीतरी आपली वाट बघतंय ही जबाबदारीही खरीच होती. घाईत माणसाची नजर अरुंद होते, आणि जे दिसतं त्याचं काय करायचं हे ठरवायलाही सवड उरत नाही.

आता रावेर-सावद्याकडच्या केळीच्या बागेत कापणी चालू आहे असं समजा. ट्रक उभा आहे, माल उत्तरेच्या बाजारात वेळेत पोचला पाहिजे, केळी थांबत नाही. टोळीतल्या एकाच्या पायात कळ आली आणि तो घड खाली ठेवून बसला. मुकादम त्याच्यावर ओरडतो. हाच मुकादम संध्याकाळी त्याच माणसाला स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेतो. या दोन वागण्यांतला फरक घड्याळाचा आहे. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हाही हेच होतं, आणि मार्चअखेरीला प्रत्येक बँकेत होतं. म्हणून कामगारांशी नीट वागा असं माणसांना शिकवण्याआधी त्यांच्या डोक्यावर किती ट्रक उभे आहेत, हे मालकाने मोजायला हवं.

घाईइतकाच उन्हाचाही वाटा असतो. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरात १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सिग्नल हिरवा झाला तरी एक गाडी मुद्दाम जागची हलवायची नाही, आणि मागचे चालक किती हॉर्न वाजवतात ते मोजायचं. जसा पारा चढला तसे हॉर्न वाढले, आणि काचा खाली केलेल्या, म्हणजे बहुधा एसी नसलेल्या गाड्यांमध्ये हे अधिक दिसलं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. भांडण पाण्याच्या बाटलीवरून होतं, पण त्याचं कारण सकाळी अकरापासून तापत आलेलं असतं.

दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावावर घालतो, त्याच्या परिस्थितीकडे फारसं बघत नाही. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या चुकीला नाव दिलं आणि ती किती सर्रास होते हे दाखवलं. मला उशीर झाला तर गाडी लेट होती. त्याला झाला तर तो आळशी. अप-डाउन करणाऱ्यांना हे पाठ असतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग उपाय सोपा आहे, स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघायचं. सगळे हेच सांगतात. यात एक मोठी अडचण आहे आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २०१८ साली २५ प्रयोगांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करा असं सांगितल्यावर त्याच्या मनातलं अधिक बरोबर ओळखता येतं का, हे त्यांनी तपासलं. अनोळखी माणसांपासून नवरा-बायकोपर्यंत सगळे घेतले. अचूकता वाढलीच नाही. आपल्याला समजलंय हा विश्वास मात्र काही वेळा वाढला. ज्यांना समोरच्याशी बोलून थेट विचारायची मुभा दिली, त्यांचे अंदाज बरोबर आले.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. जळगावच्या एमआयडीसीत चटई बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात पाचोऱ्याहून अप-डाउन करणारा ऑपरेटर आहे असं धरा. पंधरा दिवसांपासून तो गप्प आहे, डोळे लाल, दोन खाडे झालेले. सुपरवायझर मनाने चांगला. तो विचार करतो, याच्या घरी तान्हं बाळ आहे, रात्रीची झोप होत नसणार, वर रात्रपाळी. कुणाला काही न बोलता तो त्याला दिवसपाळीत टाकतो आणि आपण एक चांगलं काम केलं या समाधानात राहतो. इकडे घरची गोष्ट वेगळीच असते. बाळ ठणठणीत आहे. आईचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा तिला सकाळी घेऊन जावं लागतं, आणि त्यासाठीच त्याने रात्रपाळी मागून घेतलेली असते. दिवसपाळीमुळे सकाळ गेली आणि रात्रपाळीचा भत्ताही गेला. साहेबाने उपकार म्हणून केलेली गोष्ट नको तरी कशी म्हणायची, म्हणून तो तोंड उघडत नाही. पुढच्या महिन्यात खाडे वाढतात. आता सुपरवायझरलाही वाटायला लागतं, इतकं करून याला किंमत नाही.

दोघांपैकी कुणी वाईट नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला: “काय व्हयनं भाऊ, काही अडचण शे का?”

हा प्रश्न कुठे विचारतो त्यावरही बरंच ठरतं. पंचिंग मशीनजवळ चार जणांसमोर विचारला तर उत्तर “काही नाही साहेब” असंच येणार. जेवणाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन, आणि हातातला मोबाइल खिशात ठेवून विचारला तर कदाचित दुसऱ्या वेळेला खरं उत्तर येईल. पहिल्या वेळेला बहुतेकदा येत नाही. विचारणाऱ्याने उत्तर आपणच पुरवू नये, “झोप होत नाही का?” असं सुचवू नये, कारण साहेबाच्या सुचवण्याला हो म्हणणं कामगाराला सोपं असतं. आणि सांगायचं नसेल तर न सांगण्याची मोकळीकही द्यावी. घरच्या गोष्टी कामावर न आणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. “तुला कोणती पाळी सोयीची पडेल?” एवढं विचारलं तरी कारण न खोदता काम भागतं.

समोरच्याला काय होतंय हे कळणं, त्याचं दुःख आपल्याला जाणवणं आणि त्याच्यासाठी काही करावंसं वाटणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकातच धरतो. तानिया सिंगर या जर्मन संशोधक बाईंनी २००४ मध्ये १६ जोडप्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्री मेंदूच्या स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. कधी तिच्या हाताला विजेचा हलका पण दुखेल असा झटका द्यायचा, कधी त्याच्या. स्वतःला दुखतं तेव्हा मेंदूतले जे भाग त्या दुखण्याचा त्रास नोंदवतात, त्यांतले काही भाग जोडीदाराला झटका बसणार असं कळल्यावरही जागे झाले. जीव तुटतो असं आपण म्हणतो, त्याला शरीरात आधार आहे.

याच गटाने पुढच्या दहा वर्षांत जे दाखवलं ते नर्स, आशाताई, शिक्षक अशा सगळ्यांच्या कामाचं आहे. लोकांना दुसऱ्याचं दुःख आपल्यात उतरवून घेण्याचा सराव दिला तेव्हा त्यांची स्वतःची खिन्नता वाढली. नंतर त्याच लोकांना त्या माणसाचं भलं व्हावं, त्याला बरं वाटावं, अशी इच्छा मनात धरण्याचा सराव दिला. खिन्नता उतरली, बरं वाटणं वाढलं, आणि मेंदूतले जागे होणारे भागही वेगळे निघाले. म्हणजे माणूस थकतो तो माया केल्याने असं सरसकट म्हणता येत नाही. दुःख अंगावर घेऊन काहीच करता न आल्याने तो अधिक थकतो.

सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डात एका सिस्टरकडे पेलवण्याच्या पलीकडे पेशंट असतात. पहिल्या वर्षी ती प्रत्येकाच्या नातेवाइकाबरोबर रडते. तिसऱ्या वर्षी ती पेशंटला नावाने हाक मारत नाही, खाटेच्या नंबराने मारते. बघणाऱ्याला वाटतं, हिचं काळीज आटलं. क्रिस्टिना मॅसलॅक यांनी कामाने करपून जाण्याचा अभ्यास १९७० च्या दशकात सुरू केला, तेव्हा त्यांना नेमकं हेच दिसलं होतं. आधी शक्ती संपते, मग माणसांना माणसं न समजण्याची भिंत मनात उभी राहते, आणि आपण काही धड करतोय हा विश्वासही जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ही अवस्था कामाशी जोडलेली म्हणून नोंदवली, आणि तिला आजार म्हटलं नाही. ही नोंद मला मोलाची वाटते. तिचा रोख सिस्टरच्या मनाकडे कमी आणि तिच्या ड्युटीच्या तक्त्याकडे जास्त आहे. अशा वेळी तिला ‘पेशंटशी प्रेमाने वागा’ असं परिपत्रक पाठवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. एसटीच्या कंडक्टरचंही तसंच. गर्दीत सुट्ट्या पैशांवरून बोलणी खाऊनही आवाज न चढवणं हे कामच आहे, आणि आर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये अशा भावना सांभाळण्याला श्रम म्हटलं. पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो.

यानंतरची गोष्ट जरा टोचणारी आहे. ज्याने सोसलंय त्याला दुसऱ्याचं सोसणं कळतं, असं आपण धरून चालतो. नेहमी तसं होत नाही. रेचल रटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बर्फासारख्या थंड तळ्यात उडी मारण्याच्या एका कार्यक्रमात, ऐन वेळी माघार घेणाऱ्या माणसाबद्दल लोकांना विचारलं. ज्यांनी स्वतः अजून उडी मारली नव्हती त्यांना त्याची कीव आली. आठवड्यापूर्वी जे उडी मारून बाहेर आले होते, ते त्याच्याबद्दल जास्त कठोर होते. बेकारीतून गेलेल्यांच्या बाबतीतही असंच दिसलं. संकट पार झाल्यावर ते किती जड होतं हे माणूस विसरतो, पण आपण पार केलं एवढं लक्षात राहतं. जो धीराने झुंजतोय त्याला असा माणूस मानतो. जो मोडून पडलाय त्याला मानत नाही.

“आम्ही नाही का बाराबारा तास उभं राहून केलं?” हे वाक्य आपल्याकडे किती शॉप फ्लोअरवर, किती स्टाफरूममध्ये ऐकू येतं! बोलणारा दुष्ट नसतो. हेल्परपासून वर चढत फोरमन झालेला असतो, आणि म्हणूनच नव्या पोराचं रडगाणं त्याला पटत नाही. मालकांनाही वाटतं, खालून वर आलेला माणूस खालच्यांना सांभाळून घेईल. घेतोच असं नाही. त्याला मधूनमधून एक पाळी पुन्हा मशीनवर उभं करणं, हा मला कोणत्याही भाषणापेक्षा बरा मार्ग वाटतो.

दयेची एक बाजू न्यायाच्या आड येते, तीही सांगितली पाहिजे. बॅटसन यांनीच १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपचारांसाठी थांबलेल्या मुलांच्या यादीतल्या एका आजारी मुलीची मुलाखत लोकांना ऐकवली. तिला कसं वाटत असेल याची कल्पना करा असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिला यादीत वर ढकललं. तिच्या आधी नंबर असलेली, कदाचित तिच्याहून जास्त गरज असलेली मुलं मागे पडली. त्यांची मुलाखत कुणी ऐकली नव्हती.

आपल्याकडे ही यादी आखाजीच्या सुट्टीची असते. अक्षय्य तृतीयेला खान्देशात लेकी माहेरी येतात, गावोगाव झोके बांधले जातात, आणि त्या आठवड्यात प्रत्येकाला घरी जायचं असतं. साहेबाच्या गावचा, जातीचा, रोज चहाला बरोबर असणारा माणूस येऊन डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि त्याला सुट्टी मिळते. शहादा-अक्कलकुव्याकडून आलेला पावरा किंवा भिल्ल पोरगा कोपऱ्यात उभा असतो. त्याला साहेबाशी मोकळं बोलता येत नाही, भाषाही थोडी अडते, त्याचं घर सगळ्यात लांब असतं आणि त्याचा अर्ज मागे राहतो. साहेबाला मात्र आपण माणुसकी दाखवली असंच वाटत असतं, आणि खरोखर दाखवलेलीही असते, फक्त जो दिसला त्याला. म्हणून सुट्टी, ओव्हरटाइम, उचल या तीन गोष्टी मनाच्या पाझरावर ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. गेल्या आखाजीला कोणाला मिळाली, या वर्षी कोणाचा नंबर, हे जानेवारीतच फळ्यावर लिहावं. अचानक आलेल्या अडचणीसाठी चार दिवस राखून ठेवावेत.

उद्धटपणाने कामाचं किती नुकसान होतं, हे मोजलेलं आहे. इस्रायलमधला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांना एका गंभीर बाळाचं, खऱ्या बाळाऐवजी बाहुली ठेवून केलेलं, प्रात्यक्षिक दिलं. काही पथकांना त्याआधी एका परदेशी तज्ज्ञाने इथल्या डॉक्टरीबद्दल तुच्छतेचे चार शब्द ऐकवले. शिवी नाही, ओरडणं नाही. त्या पथकांचं निदान चुकलं जास्त, हातही चुकले जास्त. एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी झालं होतं. डॉक्टर-नर्सांची ही गत, तर जिनिंगमध्ये काय होत असेल? कापसाच्या ढिगाशेजारच्या मशीनचं बेअरिंग तापलंय हे एका हेल्परला जाणवतं. मागच्या वेळी त्याने असंच काही सांगितलं तेव्हा “तू इंजिनियर आहेस का?” म्हणून सगळ्यांसमोर हसं झालं होतं. या वेळी तो गप्प बसतो. कापसाला ठिणगी पुरते.

एमी एडमंडसन १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका मोजत होत्या. चांगल्या पथकांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या पथकांच्या नोंदवलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती कागदावर येत होती. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी ही कल्पना सविस्तर मांडली. इथे कडकपणाचा आणि मायेचा झगडा नाही. चूक सांगणाऱ्याला शाबासकी आणि चूक लपवणाऱ्याला जाब, हे दोन्ही एकाच साहेबाला करता येतं.

शाबासकीत आपण फार हात आखडतो. अमित कुमार आणि एपली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, फारसं काही वाटणार नाही. वाचणाऱ्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. देणारा शब्द कसे जमले हे बघत असतो, घेणाऱ्याला फक्त कुणीतरी आठवण ठेवली एवढंच दिसतं. आपल्याकडे निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन तीस वर्षांचं कौतुक एका तासात उरकतात. ते वाक्य दहाव्या वर्षी एका साध्या मंगळवारी म्हटलं असतं तर त्या माणसाची पुढची वीस वर्षं वेगळी गेली असती असं मला मनापासून वाटतं.

माणुसकी नियमात लिहिता येते का, असा प्रश्न पडेल. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात ती लिहिलेली होती. सलग पाच तासांहून जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. उभ्याने काम करणाऱ्यांना सवड मिळेल तेव्हा टेकायला बसण्याची सोय. आणि २५० हून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात पिण्याचं पाणी गार करून देण्याची व्यवस्था. बारा माणसांच्या जिनिंगला किंवा वीस जणांच्या डाळ मिलला गार पाण्याची ही अट लागू झाली नाही, पण मे महिन्यात तिथलाही पत्रा तेवढाच तापतो. तिथे ओल्या पोत्यात गुंडाळलेले दोन मोठे माठ, शेडला बाहेरून चुना आणि सकाळी सहाला सुरू होऊन दुपारी एकला सुटणारी पाळी, एवढं एका आठवड्यात करता येण्यासारखं आहे. दुपारची भांडणं त्यानंतर किती होतात, हे मुकादमाने एक महिनाभर वहीत लिहून बघावं.